‘घाबरू नका’ न म्हणणारी खोली : मिरजेतल्या एका डे-केअर सेंटरच्या सेवेचं परीक्षण

मिरज हे दवाखान्यांचं गाव, ते काही आजचं नाही. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून जत, अथणी, तासगाव, कवठेमहांकाळकडे कुणी ‘मिरजेला न्यायला सांगितलंय’ म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहराच बदलतो. पेशंटचा निम्मा धसका तिथंच बसतो. पुढची तपासणी पंधरा मिनिटांची दुर्बीण असो, नाहीतर मोतीबिंदू, पोटात गोळा मात्र आठ दिवस आधीपासून असतो.

हे परीक्षण आहे मिरजेतल्या एका खासगी डे-केअर सेंटरच्या एका छोट्या सेवेचं. तिथं पोटाची दुर्बीण (एंडोस्कोपी), मोतीबिंदू आणि किरकोळ ऑपरेशनं होतात, शेजारी एमआरआय आहे. प्रोसिजरच्या आधी पेशंटला एका वेगळ्या खोलीत वीस मिनिटं बसवून शांत करतात. वेगळे पैसे घेत नाहीत, पॅकेजमध्येच धरलेलं आहे. सेंटरचं नाव मुद्दाम देत नाही, कारण इथले गुण आणि चुका दोन्ही सांगली-मिरजेत आणखी बऱ्याच ठिकाणी सापडतील.

आधी निकाल सांगून टाकतो. श्वासाचं काम उत्तम, बोलण्याचं त्याहून उत्तम, वेळेचं गणित कच्चं. आणि सुई किंवा रक्त बघून ज्यांना भोवळ येते त्यांनी ही सेवा आहे तशी घेऊ नये. का, ते पुढं येईल.

खोली साधीच आहे. दोन आरामखुर्च्या, मध्ये पडदा, भिंतीवर घड्याळ नाही (हे चांगलं केलंय), खिडकीला जाड कापड. आत आल्यावर सिस्टर आधी दोन गोष्टी विचारतात. पहिली, भीती किती वाटते? शून्य ते दहा असा आकडा विचारायची पद्धत जगभर आहे, पण सत्तरीच्या आजींना शून्य ते दहा समजावण्यातच पाच मिनिटं जातात. इथल्या सिस्टर विचारतात, “आजी, रुपयातली किती आणे भीती?” आजी पटकन सांगतात, “बारा आणे गं बाई.” वीस मिनिटांनी पुन्हा विचारलं की सहा आणे, आठ आणे असं उत्तर येतं. मोजमाप म्हणून हे दहाच्या आकड्यापेक्षा काही वाईट नाही. आधीचा आणि नंतरचा फरक कळण्याशी मतलब.

दुसरा प्रश्न जास्त मोलाचा : नेमकी कशाची भीती वाटते? उत्तरं फार वेगवेगळी येतात. कुणाला सुईची, कुणाला भुलीतून जाग न येण्याची, कुणाला बिलाची, कुणाला गाऊनमध्ये अंग उघडं पडण्याची. बिलाच्या भीतीवर श्वासाचा व्यायाम चालत नाही, तिथं काउंटरवरच्या माणसाला बोलवावं लागतं. लाजेवर उपाय म्हणजे एक जास्तीची चादर. ही विचारपूस केल्याशिवाय डोळे मिटायला सांगणारी ठिकाणं बरीच आहेत. तिथं पेशंट डोळे मिटून बिलाचाच विचार करत बसतो.

आता श्वास. सेंटरनं इथं डोकं लावलंय. डावा तळवा छातीवर, उजवा बेंबीच्या जरा वर. पाठ टेकलेली, कमरेचा पट्टा किंवा परकराची नाडी सैल. चार आकड्यांपर्यंत नाकानं श्वास आत घ्यायचा, वरचा हात स्थिर, खालचा हलला पाहिजे. मग सहा आकड्यांपर्यंत ओठ किंचित मिटून बाहेर सोडायचा. एक श्वास दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूच्या कामामुळं हृदयाची गती थोडी मंदावते, घेताना वाढते. म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवायचं. सगळी गंमत या दोन आकड्यांच्या फरकात आहे.

बहुतेक ठिकाणी चुकतं ते ‘मोठा श्वास घ्या’ या वाक्यानं. घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्याला मोठा घ्यायला सांगितलं की तो मोठा आणि भराभर घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि त्याला वाटतं की आता अटॅक येतोय. उपाय उलटा आहे : श्वास लहान घ्या, हळू घ्या, नाकानं घ्या. हे समजावताना या सिस्टर म्हणतात, “बशीतला चहा निववताय असं समजा. फुंकर अशी घाला की चहा निवला पाहिजे, पण बशीतून सांडायचा नाही.” जोरात फुंकणारा माणूस या वाक्यावर लगेच सावरतो. लांब, मऊ, सारख्या जोराचा निःश्वास कसा असतो हे सांगायला याहून चांगलं वाक्य सापडणं कठीण.

मोजायची पद्धतही घेण्यासारखी आहे. पहिले तीन श्वास सिस्टर मोठ्यानं मोजतात, मग गप्प होतात. पेशंटनं अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायची, एका श्वासाला एक पेर. चार बोटांची बारा पेरं, म्हणजे बरोबर दोन मिनिटं. जप करणाऱ्यांच्या हाताला ही सवय असतेच. अथणी-चिक्कोडीकडच्या ज्या पेशंटला मराठी कळत नाही त्यालाही हे एकदा करून दाखवलं की पुरतं. (कानडीतलं सूचनांचं रेकॉर्डिंग मात्र या सेंटरमध्ये नाही. मिरजेत राहून नसावं हे पटत नाही.)

दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटला चार-सहाचा हिशोब लावू नये. त्याच्या गतीनं, फक्त ओठ मिटून सोडणं, एवढंच. दिवस भरत आलेल्या बाईला उताणं झोपवून हे करून घेऊ नये, बसवून किंवा डाव्या कुशीवर करावं. सेंटरमध्ये या दोन्ही गोष्टी पाळतात.

शब्दांवर इथं खरी मेहनत घेतलेली दिसते. ‘घाबरू नका’ हे वाक्य या खोलीत बंद आहे. ऐकणाऱ्याच्या कानात त्यातलं ‘घाबरू’च आधी शिरतं. ‘काही दुखत नाही’ हेही बंद, कारण ते खोटं आहे आणि एकदा खोटं पडलं की पुढचं काहीच पटत नाही. रेडिओलॉजिस्ट एल्विरा लँग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रोसिजर चालू असतानाचं बोलणं तपासलं. ‘आता दुखेल’, ‘टोचेल’ अशा शब्दांत आधी बजावलं की पेशंटला दुखणं आणि भीती दोन्ही जास्त जाणवली. आपल्याकडे सुई घेऊन उभं राहायचं आणि ‘आता टोचणार हां, टोचणार हां’ म्हणायचं हा तर शिष्टाचारच झालाय.

इथली पद्धत अशी. सिस्टर सांगतात, “काका, आता हात पुसते, गार लागेल. मी ‘फुंकर’ म्हटलं की लांब फुंकर घाला.” मग पट्टा बांधतात, मूठ वळून सोडायला लावतात, शीर बोटानं चाचपतात. “फुंकर.” निःश्वासाच्या मध्यावर सुई आत जाते. सोडताना दंड सैल पडलेला असतो आणि लक्ष ओठांवर असतं. खोटं काही बोललेलं नाही, आणि काय वाटेल ते वाटायची मुभा पेशंटला राहते. सुई गेल्यावर ‘दुखलं का हो?’ असंही विचारत नाहीत, ‘आता हात कसा वाटतोय?’ विचारतात. शीर सापडत नसेल तर आणखी एक : गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पाच-दहा मिनिटं हातावर. भीतीनं आणि एसीनं शिरा आकसलेल्या असतात. दोन-तीनदा टोचावं लागणं ही भीती वाढवणारी सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती पुष्कळदा या पिशवीनं टळते.

त्यानंतर स्नायू आवळून सोडायचा व्यायाम. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी शोधलेली ही पद्धत, त्यांचं पुस्तक १९२९ चं. मूळची पद्धत फार लांबलचक. इथं चारच टप्पे ठेवलेत : पावलं-पोटऱ्या, मांड्या-नितंब, खांदे, चेहरा. पाच-सात सेकंद आवळायचं, वीस सेकंद सोडायचं, प्रत्येक टप्पा दोनदा. हात वगळलेत, कारण तिथं व्हेनफ्लॉन (शिरेत घातलेली बारीक नळी) असतं. बरोबर आहे.

पण इथं बारीक चुका होतात. पावलं आवळताना सिस्टर ‘बोटं पुढं ताणा’ म्हणतात. म्हाताऱ्या माणसाच्या पोटरीत हमखास गोळा येतो, मग शांत होणं राहतं बाजूला आणि आजोबा पाय धरून ओरडतात. बोटं नडगीकडं ओढायची, गोळा येत नाही. दुसरं, आवळताना पेशंट श्वास कोंडतो, आणि कोंडून जोर लावला की बीपी चढतं. आवळतानाही श्वास चालू, हे दरवेळी सांगायला हवं. हर्नियाच्या पेशंटनं पोट आवळायचं नाही, हे सेंटर सांगतं. डोळ्याच्या पेशंटनं डोळे गच्च मिटायचे नाहीत, हे सांगत नाही. चेहऱ्याचा टप्पा डोळ्यांच्या पेशंटसाठी काढूनच टाकावा, खांद्यांवर थांबावं.

आता ती गंभीर गोष्ट, ज्यासाठी अर्धा तारा कापावा लागतो.

काही माणसं सुई किंवा रक्त दिसलं की खाली कोसळतात. हे भित्रेपण नव्हे. त्यांच्यात आधी नाडी आणि बीपी वाढतं, मग दोन्ही एकदम कोसळतात, मेंदूला रक्त कमी पडतं आणि शुद्ध हरपते. अशा माणसाला आरामखुर्चीत बसवून ‘सैल सोडा, अजून सैल सोडा’ म्हणणं म्हणजे उतारावरच्या गाडीचा ब्रेक काढणं. त्याचं बीपी आधीच पडायच्या बेतात असतं. त्याला हवं ते नेमकं उलट. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट यांनी यासाठी स्नायू ताणायची पद्धत बसवली. दोन्ही पाय, पोट आणि सुई नसलेला हात दहा-पंधरा सेकंद ताणून धरायचे, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद नेहमीसारखं बसायचं, ढिलं पडायचं नाही. असं पाच वेळा. श्वास कोंडायचा नाही. ज्या हातात सुई जाणार तो हात सैलच ठेवायचा, नाहीतर शीर मिळत नाही. शक्यतो आडवं होऊन आणि पाय वर घेऊन सुई घ्यावी. बीपी फार चढलेलं असेल किंवा हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे ताणणं करू नये.

ओळखायचं कसं? एक प्रश्न पुरतो : “याआधी रक्त देताना किंवा इंजेक्शनच्या वेळी कधी भोवळ आली होती का?” या सेंटरच्या फॉर्मवर ॲलर्जी, शुगर, बीपी, आधीची ऑपरेशनं, सगळं आहे. हा प्रश्न नाही. आणि पेशंट आपणहून सांगत नाही, विशेषतः दांडगे गडी. तालमीत घुमलेला, मान दंडाएवढी असलेला पोरगा ‘मला सुई बघून चक्कर येते’ असं आईसमोर कधी म्हणेल? लक्षणं बघून ओळखावं लागतं. जांभया, कपाळावर गार घाम, ओठ पांढरे, कानात गुणगुण, मळमळ. जांभई आली की पेशंट ‘शांत झाला’ असं समजणं ही इथं होणारी चूक. तो शांत होत नसतो, पडायच्या तयारीत असतो.

हा प्रश्न फॉर्मवर घालायला शाईची एक ओळ लागते. तोपर्यंत ज्यांना हा त्रास आहे त्यांनी आत शिरताच स्वतःहून सांगावं आणि आरामखुर्ची नाकारून कॉट मागावी.

संगीताबद्दल बोलायलाच हवं, मिरजेत आहोत. सतारमेकर गल्लीत भोपळ्याचे तानपुरे घडतात, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सेंटरनं हेडफोनवर तानपुराच लावलाय. निवड विचारपूर्वक आहे : शब्द नाहीत, ठेका नाही, आवाजात अचानक चढउतार नाही, कितीही वेळ चालू ठेवता येतो. ऑपरेशनआधीच्या भीतीवर संगीताचा उपयोग होतो का, याचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेचा २०१३ चा आढावा आहे. २६ चाचण्या, २०५१ रुग्ण. निष्कर्ष असा की फायदा होत असावा. म्हणजे कल्पनेला आधार आहे.

अंमलबजावणी डुगडुगती. सिस्टरच्या मोबाइलवर फुकटचं ॲप आहे. अकरा मिनिटं षड्ज-पंचम छान घुमतो आणि मग एकदम गृहकर्जाची जाहिरात. चांगला निवळलेला पेशंट खुर्चीत उडतो. एकदा रेकॉर्ड करून फाइल ठेवायला काय लागतं? दुसरं, तानपुरा सगळ्यांना मानवत नाही. गाण्याची सवय नसलेल्याला वाटतं की आता कुणीतरी गायला सुरुवात करणार, आणि तो वाट बघत बसतो. कुणी हरिपाठ मागतं, कुणी कव्वाली, कुणी जुनी रेडिओवरची गाणी. द्यावं. पेशंटनं स्वतः निवडलेलं असलं की त्याला आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटतं, आणि भीतीतला मोठा वाटा हातात काही नसण्याचाच असतो. आवाज इतकाच ठेवायचा की शेजारी बोललेलं ऐकू येईल. दोन्ही कान बंद करून डोळे मिटलेल्या माणसाच्या दंडावर मागून हात ठेवला की तो दचकतोच. एक कान मोकळा ठेवा, नाहीतर आधी पावलावर हलका हात ठेवून मग हेडफोन काढा.

कुठल्या प्रोसिजरला काय, हा भाग सेंटरनं अर्धवट सोडलाय. सगळ्यांना एकच वीस मिनिटांचा पाठ.

पोटाच्या दुर्बिणीचंच घ्या. पाठ आरामखुर्चीत टेकून शिकवतात, दुर्बीण मात्र डाव्या कुशीवर झोपवून, दातांत प्लास्टिकचं कडं धरून होते. बसून शिकलेला श्वास त्या अवस्थेत आठवत नाही. डाव्या कुशीवर झोपवून, तोंड उघडं ठेवून, फक्त नाकानं श्वास, असं दोन मिनिटं करून घेतलं की पुरे. शिवाय घशात मारायच्या स्प्रेबद्दल आधी सांगायला हवं : चव कडू असते, घसा बधिर झाला की सुजल्यासारखा वाटतो आणि गिळता येत नाही असं वाटतं. श्वास मात्र चालूच असतो. लाळ गिळायची नाही, गालातून ओघळू द्यायची, खाली टॉवेल असतो. या तीन वाक्यांअभावी माणसं नळीला हात घालतात.

मोतीबिंदूत भीती डोळ्याची कमी, तोंडावर पसरलेल्या कापडाची जास्त. कोंडल्यासारखं होतं. आधी दोन मिनिटं तसंच कापड तोंडावर धरून, नाकाशी हवा येते हे अनुभवायला द्यावं. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं तर डोकं हलवायचं नाही, ठरलेलं बोट वर करायचं. इथं हे उत्तम करतात. एक मावशी शेजारी स्टुलावर बसून पेशंटचा हात धरते, हात दाबला की ती डॉक्टरांना थांबवायला सांगते. संपूर्ण सेवेतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणी भाग कुठला म्हणाल, तर ही मावशी.

एमआरआयच्या बोगद्याचा व्यास साधारण ६० किंवा ७० सेंटिमीटर. शक्य तिथं ७० चं यंत्र मागावं, आणि गुडघा-घोट्याची तपासणी असेल तर पाय आधी आत घालून होते का ते विचारावं. डोळ्यांवर घडी घातलेला नॅपकिन आत सरकवण्याआधी ठेवायचा, आत गेल्यावर नाही. एकदा डोळ्यांसमोर चार बोटांवर छत दिसलं की ते डोळे मिटूनही दिसत राहतं. हातात रबरी फुगा देतात तो खरंच वाजतो हे पेशंटनं बाहेरच एकदा दाबून ऐकावं. आणि एक उलटी गोष्ट : पोटाच्या किंवा कण्याच्या एमआरआयला पोटानं खोल श्वास घेत राहिलं तर चित्र हलतं आणि तोच भाग पुन्हा काढावा लागतो. ठोकठोक चालू असताना नेहमीचा हलका श्वास, मधल्या शांततेत लांब फुंकर. सेंटरमध्ये हे कुणी सांगत नाही. श्वास शिकवणारी खोली आणि यंत्र चालवणारा टेक्निशियन एकमेकांशी बोलत नसावेत.

एमआरआयच्या दारात बायकांची खरी घालमेल होते ती मंगळसूत्र आणि जोडवी काढताना. साबण लावून जोडवी ओढून काढायची, मंगळसूत्र कुणाच्या तरी हातात द्यायचं, आणि मनात अपशकुन. ‘काढा, काढा, उशीर होतोय’ म्हणणारा वॉर्डबॉय मामा इथंही आहे. पण एका सिस्टरनं तोड काढलीय : दोऱ्यात हळकुंड ओवून गळ्यात बांधायचं, धातू नाही, यंत्राला त्रास नाही. ड्रॉवरमध्ये दोऱ्याचं रीळ आणि हळकुंडाची पुडी ठेवलेली असते. दागिने पेशंटच्या समोर मोजून, पाकिटात घालून, तिनं सांगितलेल्या माणसाच्या हातात. एवढं झालं की बारा आण्यांतले चार आणे तिथंच उतरतात.

लहान मुलांसाठी खोलीत फारसं काही नाही, भिंतीवरची कार्टून सोडली तर. कागदी भिंगरी ठेवा, फुंकर आपोआप लांब होते. बधिर करणारं मलम सुईच्या जागी लावून वरून चिकटपट्टी, तासभर आधी. दहा मिनिटांवर लावून ‘मलम लावूनही रडला’ म्हणण्यात अर्थ नाही. मलमानं कातडी पांढरट पडते आणि शीर जरा आकसते, म्हणून पुसल्यावर थोडं थांबावं. पोराला आईच्या मांडीवर बसवूनच सुई घ्यावी, टेबलावर चौघांनी दाबून नव्हे.

आता वेळेचं गणित. सेंटर सगळ्यांना सकाळी सातला बोलावतं. साडेसातला वीस मिनिटांचा पाठ, आणि नंबर लागतो साडेनऊला, कधी अकराला. मधल्या वेळात पेशंट पुन्हा बाकावर, समोरचं स्ट्रेचर आत जाताना-बाहेर येताना बघत. मिळवलेली शांतता तिथंच आटते. वीस मिनिटं एकदम देण्यापेक्षा तुकडे करावेत : आल्या आल्या पाच, व्हेनफ्लॉनआधी पाच, आणि टेबलावर शेवटची दोन. शेवटची दोन सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच इथं मिळत नाहीत, कारण खोलीतली सिस्टर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) येत नाही. तिथं पेशंटनं स्वतःच बारा पेरं मोजायची.

बाकावरच्या अस्वस्थपणात भुकेचाही हात असतो. ‘रात्री बारापासून पाणीसुद्धा नाही’ असं सरसकट सांगतात. भुलीच्या आजच्या नियमांनुसार साधारण निरोगी माणसाला हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत आणि पाणी, कोरा चहा असे पारदर्शक द्रव दोन तास आधीपर्यंत चालतात. दुधाचा चहा त्यात बसत नाही. शुगर, ॲसिडिटी, गरोदरपण असेल तर हिशोब बदलतो, म्हणून भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा आणि ते सांगतील तेच पाळा. तहानेनं कोरडं पडलेलं तोंड आणि चहाविना ठणकणारं डोकं यांना आपण भीती म्हणतो. तेच मिश्रीचं आणि तंबाखूचं. रोज उठल्याबरोबर मिश्री लावणाऱ्या बाईला त्या दिवशी ती नसते, हाताला कापरं सुटतं. ही तलफ आहे हे सिस्टरना कळायला हवं. लाजू नका, सांगा. आणि शेजाऱ्यांच्या झोपेच्या गोळ्यांतली अर्धी गोळी घरून घेऊन निघू नका. भुलीच्या औषधात तिची भर पडते आणि भूलतज्ज्ञांना ते माहीत नसतं.

बीपीबद्दल सेंटरची पद्धत सुधारण्यासारखी आहे. जिना चढून आलेल्या माणसाच्या दंडाला दारातच पट्टा बांधतात. १७०/१०० आलं की आधीच घाबरलेला माणूस तो आकडा ऐकून आणखी वर जातो. लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात हृदयाच्या पातळीवर, पाच मिनिटं न बोलता बसा, मग मोजा. चार-सहाचे श्वास त्या पाच मिनिटांत बसवले की दोन कामं एका फेरीत होतात. बीपीच्या रोजच्या गोळीबद्दलही विचारून ठेवा. बऱ्याचशा गोळ्या त्या सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायच्याच असतात, आणि ‘उपाशीपोटी’ म्हटल्यावर माणसं तीच नेमकी चुकवतात.

नातेवाइकांना खोलीत एकालाच सोडतात. नियम चांगला, पण कुणाला ते पेशंटला विचारत नाहीत, पुढं असेल तो घुसतो. मग ‘आमच्या शेजारच्या दादांचं असंच झालं होतं बघा, टेबलावरच…’ सुरू होतं. ज्याला दुसऱ्याच्या ऑपरेशनची एकही गोष्ट माहीत नाही असा माणूस सोबत आणावा.

पाच ताऱ्यांपैकी साडेतीन. भोवळीचा प्रश्न फॉर्मवर आला की चार, शेवटची दोन मिनिटं ओटीत मिळाली की साडेचार. जायचं ठरलं तर आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी विचारा : नंबर साधारण किती वाजता लागेल, पाणी कितीपर्यंत चालेल, आणि स्वतःचं गाणं मोबाइलवर आणलं तर लावू देतील का. आणि पिशवीत पायमोजे टाका. गाऊनमध्ये एसीत पाय गार पडले की अंग थरथरतं, आणि ती थरथरही सगळे भीतीच्याच खात्यावर मांडतात. जुने चालतील, धुतलेले हवेत. ओटीच्या दारात कुणी काढायला लावले तर एकदा विचारून बघा, बहुतेक वेळा राहू देतात.